सूत्र पाठ, आकडेमोड बरोबर, तरी उत्तर चूक? समीकरणाचं रूप तपासा

बीजगणिताच्या पेपरात एक दुखणं सारखं उलटतं. सूत्र तोंडपाठ असतं, पाढे पक्के असतात, पायऱ्याही नीट लिहिलेल्या असतात, आणि उत्तर मात्र चुकतं. मग ‘सिली मिस्टेक’ म्हणून विषय संपवला जातो आणि पुढच्या चाचणीत तीच चूक परत येते. बहुतेक वेळा दोष आकडेमोडीत नसतोच. कुठलंही सूत्र घ्या, समीकरण अमुक एका रूपात मांडलेलं आहे असं ते गृहीत धरतं. त्या रूपात आणायच्या आधीच सहगुणक (चलाला गुणणाऱ्या संख्या) उचलले, तर पुढचं सगळं बिनचूक करूनही हाती चूकच लागते.

चुकलेलं उत्तर कसं दिसतं यावरून दोष कुठे आहे ते बऱ्यापैकी सांगता येतं. खाली तसंच केलं आहे. वहीत तुम्ही इंग्रजी अक्षरं लिहीत असाल. इथे चलांना क्ष आणि य, त्यांच्या सहगुणकांना अ आणि ब, स्थिर पदाला क म्हटलं आहे. वर्गसमीकरणात मात्र क्ष² चा सहगुणक अ, क्ष चा ब. (गुणाकाराचा टिंब मुद्दाम दिला आहे. तो नसेल तर अ·क्ष चा आस होतो आणि क्ष·य चा आजार.)

आकडे बरोबर, पण दोन्ही चिन्हं उलटी

दोन समीकरणं निश्चयकांनी सोडवायच्या क्रेमरच्या पद्धतीतलं हे हमखास लक्षण. समीकरणं घ्या:

२क्ष + ५य + ४ = ०
३क्ष − ४य − १७ = ०

यांची उकल क्ष = ३, य = −२ अशी आहे. वहीत मात्र क्ष = −३, य = २ येतं. कारण साधं आहे. क च्या जागी ४ आणि −१७ जसेच्या तसे उचलले. राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात क्रेमरची पद्धत अ·क्ष + ब·य = क या रूपावर बसवली आहे, म्हणजे स्थिर पद उजवीकडे हवं. आधी हे लिहायचं:

२क्ष + ५य = −४
३क्ष − ४य = १७

आता क्ष आणि य च्या सहगुणकांचा निश्चयक, म्हणजे डी = २ × (−४) − ५ × ३ = −२३. डी-क्ष काढताना क्ष चा स्तंभ काढून तिथे क चा स्तंभ बसवायचा: (−४) × (−४) − ५ × १७ = १६ − ८५ = −६९. डी-य मध्ये य च्या स्तंभाची जागा क घेतो: २ × १७ − (−४) × ३ = ३४ + १२ = ४६. भागाकार केला की ३ आणि −२.

स्थिर पदं डावीकडेच ठेवली तर क चा अख्खा स्तंभ उलट्या चिन्हाचा होतो. डी-क्ष आणि डी-य दोन्ही उलटतात, डी मात्र तसाच राहतो, कारण डी मध्ये क नसतोच. म्हणून उत्तरात फक्त चिन्हं फिरतात. एकाच समीकरणात स्थिर पद हलवलं आणि दुसऱ्यात राहून गेलं तर मात्र वेगळंच दिसतं. वरच्या उदाहरणात पहिला क चुकून ४ आणि दुसरा १७ घेतला तर क्ष = १०१/२३ येतो. छेदात डी तसाच उरलेला असा ओबडधोबड अपूर्णांक दिसला, की दोन समीकरणं दोन वेगळ्या रूपांत राहिली आहेत का ते आधी बघा.

हा गोंधळ एकट्या मुलांचा नाही. एनसीईआरटीच्या पुस्तकात दोन चलांची समीकरणं अ·क्ष + ब·य + क = ० या रूपात असतात. शाळेत एक पुस्तक आणि घरी दुसऱ्या मंडळाच्या मुलांसाठी केलेला व्हिडिओ, असं चाललं असेल तर ‘क’ या एकाच अक्षराचे दोन अर्थ डोक्यात बसतात. अकरावीत रेषेचं य = म·क्ष + क हे रूप आलं की तिसरा अर्थ येऊन बसतो. ३क्ष + ४य = १२ ही एकच रेषा घेतली तर क्रेमरच्या रूपात क म्हणजे १२, शून्याशी जुळवलेल्या रूपात −१२ आणि चढाच्या रूपात ३. तिन्ही बरोबर. म्हणून सूत्र पाठ करताना ते कुठल्या रूपावर चालतं तेही त्याच ओळीत लिहून ठेवावं. नुसतं ‘क म्हणजे स्थिर पद’ एवढ्यावर भागत नाही.

सहगुणकांच्या गुणोत्तरावरून उकली किती ते ठरवताना हेच पुन्हा आडवं येतं. २क्ष − ३य = ६ आणि ४क्ष − ६य − १२ = ० ही दोन समीकरणं एकाच रेषेची आहेत, म्हणजे उकली अनंत. पण जशी छापली तशीच तुलना केली तर पहिली दोन गुणोत्तरं १/२ आणि क चं गुणोत्तर −१/२ येतं, आणि विद्यार्थी ‘समांतर रेषा, उकल नाही’ असं लिहून मोकळा होतो. इथे गंमत अशी की दोन्ही समीकरणं कुठल्याही एकाच रूपात असली तरी चालतं, कारण वरचं आणि खालचं चिन्ह एकदमच बदलतं आणि गुणोत्तर तेच राहतं. बिघडतं ते सरमिसळीनं.

क्ष आणि य च्या किमतींची अदलाबदल

४य = ३क्ष − १७ असं समीकरण दिलं की घाईत अ = ४, ब = ३ घेतलं जातं. पदं ज्या क्रमानं छापली आहेत त्या क्रमानं सहगुणक घेऊ नयेत. क्ष खाली क्ष, य खाली य, बरोबरच्या चिन्हाखाली बरोबर असं लिहा. एखादं पद नसेल तर त्याची जागा रिकामी न सोडता शून्य लिहा: २क्ष = ७ म्हणजे २क्ष + ०य = ७.

ही शिस्त आपल्याकडे फार जुनी आहे. नवव्या शतकात गणिती ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथावर भाष्य लिहिणारे पृथूदकस्वामी समीकरणाच्या दोन बाजू एकाखाली एक मांडत:

या व ० या १० रू ८
या व १ या ० रू १

‘या’ म्हणजे यावत्तावत्, आपला क्ष. ‘या व’ म्हणजे त्याचा वर्ग. ‘रू’ म्हणजे रूप, अर्थात स्थिर पद. वरच्या ओळीतल्या ८ च्या डोक्यावर टिंब असतं, ते ऋणचिन्ह. आजच्या भाषेत १०क्ष − ८ = क्ष² + १. वरच्या बाजूला वर्ग नाही आणि खालच्या बाजूला नुसता क्ष नाही, तरी दोन्हींसाठी शून्य लिहिलेलं आहे. अशी मांडणी केली की खालची ओळ वरच्यातून वजा करणं एवढंच काम उरतं. चिन्हं बदलून घेतली की क्ष² − १०क्ष + ९ = ०, म्हणजे क्ष = १ किंवा ९. वर्गसमीकरणात ब किंवा क शून्य असताना गडबडणाऱ्यांनी ही मांडणी आठवडाभर वापरून बघावी.

‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’

हे वाक्य सहावी-सातवीत उपयोगी पडतं आणि दहावीत नडतं. −३क्ष = १२ यातला −३ पलीकडे नेताना कोणी क्ष = १२ + ३ = १५ लिहितं, कोणी चिन्ह बदलून १२ ला ३ नं भागतं आणि ४ काढतं. उत्तर आहे −४. मुळात काहीच पलीकडे जात नाही. दोन्ही बाजूंवर एकच क्रिया होते. बेरजेतलं पद घालवायला आपण त्याच्या विरुद्ध पद दोन्हीकडे मिळवतो, म्हणून ते दुसऱ्या बाजूला उलट्या चिन्हानं दिसतं. गुणकाराला घालवायला भागावं लागतं, आणि भागताना त्याचं चिन्ह त्याच्याबरोबरच राहतं.

भागाकारातली जोडचूक: २क्ष + ६ = १० ला २ नं भागून क्ष + ६ = ५. डावीकडचं एक पद भागायचं राहिलं. अपूर्णांक घालवायला लसाविनं गुणतानाही हेच होतं. स्थिर पद एकटं कोपऱ्यात असतं आणि नेमकं तेच गुणायचं राहतं.

क्ष उडाला, पुढे काय?

२(क्ष + ३) = २क्ष + ५ सोडवताना ६ = ५ उरतं. क्ष कुठेच नाही. इथे भांबावून क्ष = ० लिहिणारे पुष्कळ. शून्य ही एक किंमत आहे. ‘क्ष दिसत नाही’ म्हणजे ‘क्ष शून्य आहे’ असं नव्हे. ६ = ५ सारखं खोटं विधान उरलं तर उकल नाही. ६ = ६ सारखं खरं उरलं तर क्ष ला काहीही किंमत द्या, समीकरण खरंच राहतं; ती नित्यसमानता.

वर्ग दिसतो पण वर्गसमीकरण नाही, आणि उलट

(क्ष + २)² = क्ष² + १२ मध्ये वर्ग दोनदा दिसतो. विस्तार केला की क्ष² दोन्हीकडून जातो, ४क्ष = ८ उरतं आणि क्ष = २. याच्या उलट क्ष + १/क्ष = ५/२ मध्ये वर्ग कुठेच दिसत नाही, पण २क्ष नं गुणल्यावर २क्ष² − ५क्ष + २ = ० होतं आणि मुळं २ व १/२ मिळतात. कोटी (चलाचा सगळ्यात मोठा घातांक) ठरवायची ती कंस सोडवून, छेद घालवून, सगळं एका बाजूला आणल्यावरच.

अ, ब, क उचलताना सगळ्यात फसवी चूक इथे होते. २क्ष² = ५क्ष + ३ घ्या. छापलं आहे तसंच अ = २, ब = ५, क = ३ घेतलं तर विवेचक, म्हणजे ब² − ४अ·क, २५ − २४ = १. छान पूर्ण वर्ग! मुळं −१ आणि −३/२. सगळं इतकं सुबक जमतं की शंका येत नाही. क्ष = −१ मूळ समीकरणात घालून पाहा: डावीकडे २, उजवीकडे −२. खरं रूप २क्ष² − ५क्ष − ३ = ०, म्हणजे ब = −५, क = −३, विवेचक २५ + २४ = ४९, मुळं ३ आणि −१/२. विवेचक पूर्ण वर्ग आला म्हणजे सहगुणक बरोबर घेतले, असं समजू नका.

ब ऋण असेल तर सूत्रातला −ब आधी −(−५) असा कंसात लिहावा. घरी मोबाइलवर ताळा करतानाही कंस हवा. सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर −५² असं टाइप केलं की तो आधी वर्ग करतो आणि −२५ दाखवतो.

पूर्ण वर्ग पद्धतीत अपूर्णांकांनी जीव नकोसा होत असेल तर श्रीधराचार्यांची रीत आहे. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातल्या आपल्या ‘बीजगणिता’त ती त्यांच्या नावानिशी दिली आहे. अ नं भागायचं नाही, उलट ४अ नं गुणायचं. वरच्याच समीकरणात स्थिर पद उजवीकडे ठेवून ८ नं गुणा: १६क्ष² − ४०क्ष = २४. दोन्हीकडे ब² म्हणजे २५ मिळवा: १६क्ष² − ४०क्ष + २५ = ४९. डावीकडे (४क्ष − ५)² तयार आहे. ४क्ष − ५ = ७ किंवा −७, म्हणून ३ आणि −१/२. एकही अपूर्णांक मध्ये आला नाही. परीक्षेत मात्र पुस्तकातल्या पायऱ्या लिहिणं बरं. ही रीत ताळ्यासाठी ठेवा.

एक मूळ बरोबर, एक चूक. किंवा एकच मूळ

(क्ष + ३)(क्ष − ४) = ८. अवयव तयार दिसले की क्ष + ३ = ८, क्ष − ४ = ८ असं लिहिलं जातं आणि ५ व १२ ही उत्तरं येतात. यातलं ५ योगायोगानं बरोबर आहे, कारण ८ × १ = ८. म्हणूनच ही चूक लवकर ध्यानात येत नाही. एका मुळाचा ताळा जुळतो आणि दुसऱ्याचा कोणी करत नाही. १२ घातलं तर १५ × ८ = १२०. दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल तरच त्यातली एक शून्य असते. ८ बद्दल असं काही म्हणता येत नाही. कंस सोडवा, ८ डावीकडे आणा: क्ष² − क्ष − २० = ०, मुळं ५ आणि −४.

एकच मूळ हाती येत असेल तर आधी क्ष नं भागलं का ते पाहा. ३क्ष² = १२क्ष ला ३क्ष नं भागलं की क्ष = ४ मिळतं आणि क्ष = ० गायब होतं. क्ष शून्य असू शकतो, मग त्यानं भागायचं कसं? ३क्ष(क्ष − ४) = ० असे अवयव पाडा. क्ष² = ९ लिहून नुसतं ३ वर थांबणं हीसुद्धा याच जातीची चूक.

उत्तर निघालं, पण मूळ समीकरणात बसत नाही

इथे चूक झालेली असेलच असं नाही. रूप बदलताना काही वेळा पाहुणी मुळं शिरतात. क्ष/(क्ष − २) = २/(क्ष − २) + ३ ला क्ष − २ नं गुणलं की क्ष = २ + ३क्ष − ६, त्यातून क्ष = २. पण २ घातला की छेद शून्य होतो. म्हणून या समीकरणाला उकलच नाही. छेदात चल दिसलं की पहिल्याच ओळीत ‘क्ष ≠ २’ असं लिहून ठेवावं. वर्गमुळाचंही असंच: √(क्ष + ७) = क्ष − ५ चा वर्ग केल्यावर क्ष² − ११क्ष + १८ = ० येतं, मुळं ९ आणि २. ९ घातल्यावर ४ = ४. २ घातल्यावर ३ = −३. वर्ग करताना ३ आणि −३ मधला फरक पुसला गेला, म्हणून २ आत घुसला. त्याला काढून टाकायचं.

चल छेदात असलेली समीकरणं रेषीय रूपात आणतानाची चूक वेगळी आहे. ३/क्ष + २/य = १२ आणि ५/क्ष − १/य = ७. इथे १/क्ष = प, १/य = फ मानलं की ३प + २फ = १२, ५प − फ = ७; उकल प = २, फ = ३. आणि बरेच जण इथेच चौकट आखतात. विचारलं होतं क्ष आणि य, म्हणजे १/२ आणि १/३. मानलेली अक्षरं पानाच्या समासात लिहून ठेवली तर परतायची आठवण राहते. क्ष·य नं गुणून छेद घालवायच्या फंदात मात्र पडू नका. उजवीकडे १२क्ष·य येतं आणि समीकरण रेषीय राहत नाही.

शाब्दिक उदाहरणात समीकरण उलटं

‘वहीची किंमत पेनाच्या किमतीच्या दुपटीपेक्षा ५ रुपयांनी कमी आहे.’ वही क्ष, पेन य. वाक्यात वही आधी येते आणि ‘कमी’ शेवटी, म्हणून क्ष − ५ = २य लिहिलं जातं. ‘पेक्षा’ ज्याला चिकटलं आहे त्यातून वजा करायचं असतं: क्ष = २य − ५, आणि नेहमीच्या रूपात क्ष − २य = −५. खात्री नसेल तर पेन २० रुपयांचं धरा. वही ३५ ची. ३५ − ४० = −५ जुळतं; ३५ − ५ = ४० जुळत नाही.

आलेखात बिंदू सरळ रेषेत येत नाहीत

३क्ष + ४य = १२ साठी क्ष = १, २, ३ अशा किमती घेतल्या की य अपूर्णांकात जातो आणि आलेख कागदावर बिंदू अंदाजे पडतात. य चा सहगुणक ४ आहे, १२ ला ४ नं भाग जातो, मग क्ष च्या किमतीही ४ च्या पटीत घ्या: ०, ४, −४, ८. य मिळतो ३, ०, ६, −३. आलेखासाठी सगळ्यात सोपे दोन बिंदू आसांवरचे, (४, ०) आणि (०, ३). तिसरा बिंदू ताळ्यासाठी. चढ हवा असेल तर य एकटा करून य = −(३/४)क्ष + ३ लिहा. चढ −३/४ आहे, समीकरणात पहिला दिसतो तो ३ नव्हे. क्ष = ५ सारखी उभी रेषा या रूपात बसतच नाही, कारण तिच्यात य नाही आणि तिला चढही नाही.

ताळा केला, जुळला, तरी गुण गेले

दोन चलांच्या उदाहरणात क्ष काढून झाल्यावर पहिल्या समीकरणात घालून य काढला, आणि ताळाही त्याच पहिल्या समीकरणात केला, तर तो जुळणारच. क्ष चुकीचा असला तरी. ताळा दुसऱ्या समीकरणात करा, आणि तोही प्रश्नपत्रिकेत छापलेल्या समीकरणात. तुम्ही आवरून घेतलेल्या ओळीत पडताळून उपयोग नाही, कारण चूक बहुधा त्या आवराआवरीतच झालेली असते.